एका आश्रमाची विखुरलेली भावंडे

१९७० आणि १९८० च्या दशकांत महाराष्ट्रातील अनाथाश्रमांतून अनेक मुले दत्तक म्हणून स्वीडन, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड अशा देशांत गेली. ती आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्यापैकी काही जण आणि त्यांना वाढविणारे वृद्ध मातापिता आता एकाच आश्रमातून मूल नेलेल्या इतर कुटुंबांचा शोध घेतात, एकत्र जमतात, जुनी छायाचित्रे व कागदपत्रे पुढे मांडतात. वरवर पाहता हा हौसेचा स्नेहमेळावा वाटेल. परंतु त्यामागील गरज फार खोल आहे.

ती समजण्यासाठी त्या काळचा कायदा ध्यानात घ्यावयास हवा. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अहिंदू परदेशी दांपत्यास लागू नव्हता. म्हणून असे दांपत्य १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये येथील न्यायालयाकडून मुलाचे पालकत्व मिळवी आणि दत्तकविधान स्वदेशी पूर्ण करी. परिणामी एकाच मुलाचा इतिहास तीन ठिकाणी विभागला गेला: आश्रमाची नोंदवही, न्यायालयाचे दफ्तर आणि परदेशातील घरचे कपाट.

अर्थशास्त्रात जिला माहितीची विषमता म्हणतात, तिचे हे करुण उदाहरण होय. मूल देणाऱ्या संस्थेजवळ नोंदी असतात. घेणाऱ्याला ती सांगेल तेवढेच कळते. एकटे कुटुंब आपल्या हातचा कागद खरा मानते, कारण तुलनेला दुसरा नसतो. पण दहा कुटुंबांनी आपापले कागद शेजारी ठेवले आणि दहाही मुलांच्या सापडण्याची हकीकत शब्दशः एकच निघाली, तर त्या मजकुराविषयी शंका घेणे भाग पडते. उलट तारखा जुळल्या, तर एकाच खोलीत वाढलेली दोन बालके पुन्हा भेटू शकतात.

अशा एकत्र येण्यातून काय घडू शकते, हे दक्षिण कोरियाने दाखविले आहे. तेथून परदेशी गेलेल्या दत्तकांनी संघटित होऊन २०२२ साली तेथील सत्य व समेट आयोगाकडे अर्ज केले. मार्च २०२५ मध्ये आयोगाने त्यांपैकी ५६ जणांच्या बाबतीत मानवी हक्कांचा भंग झाल्याचे मान्य केले. जिवंत आईबाप असलेली मुले कागदोपत्री अनाथ ठरविली गेल्याचेही त्या चौकशीत उघड झाले.

आपल्याकडे वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली परदेशी दत्तकासाठी कडक नियम घालून दिले. १९९० साली केंद्रीय दत्तक यंत्रणा स्थापन झाली, आणि २००३ साली भारताने हेग कराराला मान्यता दिली. ही सारी व्यवस्था मुख्यतः पुढच्या मुलांसाठी होती. आधी गेलेल्यांच्या हाती राहिली ती जुनी नोंदवही. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेता येतो. तिच्या वतीने त्रयस्थाला मात्र तो घेता येत नाही, आणि जन्मदात्यांच्या गुप्ततेला बाध आणता येत नाही.

या दक्षतेचा हेतू रास्त आहे. लोकलज्जेने मूल सोडून द्यावे लागलेल्या स्त्रीचा पुढचा संसार एका पत्राने उद्ध्वस्त होता कामा नये. परंतु नोंदी जतन करणे आणि आईला चव्हाट्यावर आणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. शासनाने आश्रमांच्या जुन्या नोंदवह्या ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवाव्यात. जाणत्या अधिकाऱ्याने आईला एकांतात विचारावे. तिचा नकार अंतिम मानावा.

मात्र विलंब परवडणारा नाही. त्या मातांपैकी अनेक जणी आज सत्तरीकडे झुकल्या आहेत, आणि कागदाचे आयुष्यही मर्यादित असते. परदेशातील कुटुंबांनी आपल्याजवळची पाने एकमेकांपुढे ठेवली आहेत. वहीची उरलेली पाने आपल्याकडे आहेत, आणि ती वाळवीच्या स्वाधीन होऊ न देणे हे आपले कर्तव्य आहे.