मालमोटारीवरच्या माणसाचा विसावा

मालमोटारीच्या ड्रायव्हरविषयी आपल्या गावांतून एक समज पक्का बसलेला आहे. ‘त्याला काय कमी? आज कोकण, उद्या कर्नाटक, परवा गुजरात! पगार घेऊन देश पाहतो लेकाचा!’ ऐकायला हे गोड वाटते, पण खरे नाही. देशावरून जाणे वेगळे आणि देश पाहणे वेगळे. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि जागचा हलत नाही. ड्रायव्हर दिवसात तीनशे किलोमीटर हलतो, पण पाहण्याच्या हिशेबाने पुष्कळदा दोघांची मिळकत सारखीच. असे का होते आणि त्यावर आपण काय करू शकतो, याचा आज थोडा विचार करू.

उदाहरणाला मुळशी तालुक्यातली वाट घेऊ. पुण्याहून पश्चिमेला निघालात की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड ही गावे लागतात. पुढे मुळशी धरणाच्या जलाशयाची सोबत सुरू होते. मग ताम्हिणीचा घाट. तो उतरला की विळे, निजामपूर आणि माणगाव. माणगावला ही वाट मुंबई-गोवा महामार्गाला मिळते. पिरंगुटच्या कारखान्यांचा आणि विळे-भागाडच्या औद्योगिक वसाहतीचा माल याच वाटेने जातो-येतो. त्यामुळे दूरदूरच्या प्रांतांतल्या गाड्याही इथे दिसतात.

आता पावसाळ्यातला एखादा रविवार डोळ्यांसमोर आणा. पुण्याहून मोटारींची रीघ लागलेली असते. माणसे धबधबे पाहतात, कणसे खातात, फोटो काढतात. त्याच वेळी, त्याच रस्त्याने, वीस टन माल घेऊन एक ड्रायव्हर घाट उतरत असतो. त्याला काय दिसते? पुढचे वळण दिसते. समोरून येणाऱ्या बसचा दिवा दिसतो. रस्त्याच्या कडेला बेफिकिरीने उभ्या केलेल्या मोटारी दिसतात. कान इंजिनाच्या आवाजाकडे असतात. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. म्हणून ती खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर धरून, हळूहळू उतरवावी लागते. अशा माणसाने धबधब्याकडे नजर वळवू नये, हेच बरे. पाहायचे तर त्याने थांबले पाहिजे. आणि थांबायचे तर त्याच्यापाशी वेळ हवा आणि वाटेवर जागा हवी. सारा प्रश्न या दोन गोष्टींत आहे.

प्रथम वेळेचे पाहू. ड्रायव्हरला विसावा द्यावा हे कोणाच्या मेहेरबानीवर सोडलेले नाही. १९६१ साली आपल्या संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, असे त्यात ठरवून दिले होते. लांबच्या मार्गांसाठी काही सवलत होती, पण तिलाही मर्यादा होती. सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती, दोन दिवसांच्या कामामध्ये निदान नऊ तासांची सलग सुटका आणि आठवड्याला सुटीचा दिवस, हेही होते. पुढे २०२० च्या श्रमसंहितेत हा कायदा सामावून घेतला गेला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. कायद्याचे नाव बदलले, तरी माणसाच्या शरीराचा कायदा काही बदलत नाही. झोप राहिली की डोळा लागतोच. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे पन्नास मीटर गाडी कोणाच्याच हाती नाही. घाटात पन्नास मीटरांत काय काय येते, ते तुम्ही जाणताच.

तुम्ही म्हणाल, ‘ड्रायव्हर तर तासन्‌तास कारखान्याच्या फाटकाशी बसलेले दिसतात. ती विश्रांतीच नव्हे का?’ नव्हे. तो खोळंबा आहे. माल भरायला नंबर कधी लागेल ते ठाऊक नसते, म्हणून गाडी सोडून जाता येत नाही आणि डोळाही मिटता येत नाही. वेळ मात्र निघून जातो. मग तो भरून काढायला रात्री गाडी दामटावी लागते. विसाव्याची खूण ही, की तो कधी सुरू होणार आणि कधी संपणार ते माणसाला आधी माहीत असते. कारखानदाराने आणि गाडीमालकाने माल भरण्याची वेळ ठरवून कळवली, तर खोळंब्यातले दोन तास सहज विसाव्यात जमा होतील. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

असे दोन तास हाती आले, तर मुळशीच्या वाटेवर पाहण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे, आणि ते नुसते हिरवेगार डोंगर नव्हेत. धरणाचेच पाणी घ्या. मुळा नदीचे हे पाणी वास्तविक मुठा, भीमा, कृष्णा असे वळसे घेत पूर्वेच्या समुद्राला जायचे. ते अडवून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे सोडलेले आहे. १९२७ पासून तिथे वीज तयार होते. तिथून हे पाणी कुंडलिका नदीत उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. म्हणजे ड्रायव्हर ज्या घाटाने माल खाली नेतो, तोच घाट हे पाणीही उतरते! याच पाण्याखाली मावळ्यांची गावे आणि भातखाचरे गेली. ती वाचवण्यासाठी १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. त्याचे पुढारपण केले म्हणून पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले. एवढे ऐकून त्या पाण्याकडे पाहिले, की ते पाणी वेगळेच दिसते.

पुढे ताम्हिणी गावात विंझाई देवीचे देऊळ आहे. थोडी सावली, थोडी शांतता आणि हात जोडायला जागा. थकल्या माणसाला आणखी काय हवे? भोवतीचे रान २०१३ पासून अभयारण्य आहे. सकाळच्या वेळी नशिबात असेल, तर उंच फांदीवर आपल्या राज्याचा मानाचा प्राणी, शेकरू, उड्या मारताना दिसतो.

मात्र काही पथ्ये आहेत. तुमच्या घरचा मुलगा ड्रायव्हर असेल, तर त्याला ही आवर्जून सांगा. पहिले पथ्य, झोप आधी आणि देखावा मागाहून. दुसरे, कुठे थांबायचे ते निघतानाच ठरवावे. वळणावर किंवा चढावर गाडी उभी करू नये. घाट उतरण्याआधी, जिथे रस्त्याबाहेर ऐसपैस जागा आहे तिथेच ती लावावी. तिसरे, चाकाखाली दगड लावला, तर निघताना तो आठवणीने बाजूला काढावा. रस्त्यात राहिलेला दगड रात्री एखाद्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततो. चौथे, गाडीपाशी ड्रायव्हर किंवा क्लीनर यांपैकी एकाने राहावे आणि पाळीपाळीने फिरून यावे. पाचवे, भर पावसात कड्याखाली मुळीच थांबू नये. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. सोलापूरकडे वर्षभरात पडतो, जवळजवळ तेवढा हा एका दिवसाचा! अशा पावसात दरड सांगून येत नाही. घाट पाहायचा तर हिवाळ्यातली सकाळ उत्तम.

थांबणे शक्य नसेल तेव्हा कानाची करमणूक आहेच. रेडिओ ही हात आणि डोळे मोकळे ठेवणारी सोबत आहे. १९५७ साली विविधभारती सुरू झाली, तेव्हापासून ढाब्यावरच्या बाजेवर आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीवर तिचा सूर वाजत आला आहे. हातातल्या फोनवर चित्रे पाहत गाडी हाकणे मात्र करमणूक नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

आता दुसरी गोष्ट, जागेची. मोठ्या महामार्गांवर सरकारी तेल कंपन्यांनी ड्रायव्हरांसाठी ‘अपना घर’ या नावाने निवारे उभारले आहेत. २०२५ च्या मध्यापर्यंत देशात असे साडेतीनशेहून अधिक झाले. तिथे झोपायला खाट, अंघोळीला पाणी, स्वच्छ संडास आणि आपल्या हाताने स्वयंपाक करायला जागा मिळते. पण घाटवाटेवरच्या लहान गावांनी त्याची वाट कशाला पाहावी? रस्त्याला लागून दहा गाड्यांपुरते सपाट मैदान, एक नळ, दोन संडास आणि रात्रभर जळणारा एक दिवा, एवढे एखाद्या ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर होण्यासारखे आहे. थांबलेला माणूस चहा घेतो, भाकरी खातो, चार पैसे गावात ठेवून जातो. म्हणजे यात गावाचेही हितच आहे.

गुरुजींना आणि बाईंना एक वेगळी विनंती आहे. गाव पाण्यात कसे गेले, पाणी कोठे जाते, देवी कोणती, रानात काय आहे, हे मुलांच्या हातून सोप्या मराठीत आणि हिंदीत एका फळ्यावर लिहवून घ्या आणि तो फळा थांब्यापाशी लावा. मुलांना गाड्यांच्या पाट्या वाचायला शिकवा. एमएच बारा म्हणजे पुणे, एमएच सहा म्हणजे रायगड, टीएन म्हणजे तामिळनाडू. वेळ असलेल्या एखाद्या ड्रायव्हरला अर्धा तास वर्गात बोलवा आणि नकाशावर त्याची वाट काढायला सांगा. पोरांना भूगोल कळेल. त्याहून मोठे असे, की वर्षानुवर्षे ज्याला लोक फक्त ‘ए ड्रायव्हर’ म्हणून हाक मारतात, त्याला कोणीतरी ‘काका, या, बसा’ म्हणेल.

आपल्या घरातले मीठ, सिमेंट, औषध, मुलांची वह्या-पुस्तके, सारे याच माणसाच्या जाग्या रात्रींवर स्वार होऊन येते. त्याचा एक तासाचा विसावा मालाला उशीर करील, हे खरे. पण तो तास त्याला मिळाला, तर वळणापलीकडून येणाऱ्या आपल्या एसटीतली माणसेही सुखरूप घरी पोचतील. तेव्हा त्याला थांबू द्या, आणि थांबला तर आपला मुलूख अभिमानाने दाखवा.