प्रस्ताव लिहिता येतो का?

आमच्या मोहल्ल्यात उर्दू शाळेच्या एका खोलीत संध्याकाळची अभ्यासिका चालते. घरी जागा नसलेली दहावी-बारावीची मुले-मुली तेथे येऊन बसतात. काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षक आणि जमातीची मंडळी मिळून पुस्तके व टेबल-खुर्च्यांसाठी एका कंपनीकडे मदतीचा अर्ज केला. समाजाची गरिबी, मागासलेपण, इल्मचे महत्त्व, सारे काही आम्ही मोठ्या तळमळीने लिहिले होते. महिनाभरात अर्ज परत आला. सोबत चार प्रश्न होते : मुले किती येतात? त्यांत मुली किती? कोणत्या बाबीवर किती खर्च होणार? उपयोग झाला हे कसे कळणार?

आम्ही एकमेकांची तोंडे पाहू लागलो. आमच्याकडे साधा हजेरीपटही नव्हता.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली आमची एक माजी विद्यार्थिनी पुढे आली. तिने महिनाभर हजेरी घेतली, तीन दुकानांतून दरपत्रके आणली आणि चार पानांत प्रस्ताव बसवला. 'मुलांची फार गैरसोय होते' हे आमचे वाक्य काढून तिने लिहिले, 'रोज ४० मुले येतात, खुर्च्या १८ आहेत, २२ मुले सतरंजीवर बसून लिहितात.' सगळी रक्कम मिळाली नाही, पण पुस्तके आणि टेबले आली. आज तीच मुलगी दोन संस्थांचे प्रस्ताव आणि अहवाल मेहनताना घेऊन लिहिते.

कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या कामाकडे जरूर पाहावे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. शिक्षण, आरोग्य, महिला सक्षमीकरण ही कामे त्यात बसतात. याशिवाय सरकारी योजना आणि खाजगी ट्रस्ट आहेतच. काम करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. ते काम कागदावर नीट मांडणारी माणसे मात्र त्यांना सहज सापडत नाहीत.

चांगल्या प्रस्तावात गरज, उद्दिष्ट, प्रत्यक्ष कृती, वेळापत्रक, अंदाजपत्रक आणि मोजमाप या सहा गोष्टी एकमेकींना धरून असतात. गरज पुस्तकांची सांगायची आणि अंदाजपत्रकात रंगरंगोटी दाखवायची, असा प्रस्ताव टिकत नाही. संस्थेची कागदपत्रेही तयार लागतात : नोंदणीपत्र, लेखापरीक्षण अहवाल, आयकर कायद्याखालील नोंदणी, कंपन्यांच्या निधीसाठी सीएसआर-१ आणि बहुतेक सरकारी योजनांसाठी 'एनजीओ दर्पण'वरील नोंद. परदेशातून निधी घ्यायचा तर एफसीआरए कायद्याखालील परवानगी लागते; तिच्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही.

सुरुवात कशी करावी? एन.एस.एस.च्या शिबिराचा अहवाल लिहायची जबाबदारी मागून घ्या. मोहल्ल्यातील एखाद्या प्रश्नाची पन्नास घरांत जाऊन पाहणी करा. एक्सेलमध्ये अंदाजपत्रक मांडायला शिका. आपली मुले घरी उर्दू किंवा दखनी बोलतात, बाहेर मराठी. ही मोठी दौलत आहे. अम्मीजानची अडचण तिच्या बोलीत ऐकून ती मराठीत आणि इंग्रजीत नेमकी मांडता येणे प्रत्येकाला जमत नाही. इंग्रजी कच्चे असेल तर लाजू नका. छोटी, सरळ वाक्येच वाचणाऱ्याला हवी असतात.

दोन गोष्टी सांभाळा. आकडा कधीही फुगवू नका. पन्नास मुले लिहून पस्तीस निघाली, तर पुढची दारे संस्थेला बंद होतात आणि त्याची किंमत मुले मोजतात. दुसरे, मंजूर रकमेतून टक्केवारी घेऊ नका. कामाचा मेहनताना आधी ठरवून घ्या. आलेला पैसा अमानत आहे, त्याचा पैन्‌पैचा हिशेब द्यायचा आहे.

आमच्या अभ्यासिकेत आता हजेरीपट आहे. मुले आळीपाळीने तो भरतात. प्रस्तावाचे पहिले पान तेथूनच सुरू होते, हे आम्ही त्या मुलीकडून शिकलो.