प्रोबायोटिक पूरके आणि पचनाच्या तक्रारी : एक विवेचन

प्रस्तावना :
पोट फुगणे, गॅस होणे, जुलाब यांसारख्या तक्रारींवर प्रोबायोटिक कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेतल्या जातात. लोणी काळभोर असो वा पुणे शहर, औषधाच्या दुकानात त्या सहज मिळतात. त्यांचा उपयोग नेमका कोठे होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक होत. घरच्या दह्यातील जीवाणू दुग्धशर्करा पचविण्यास साहाय्य करतात. म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसते. तथापि त्या विरजणातील जीवाणू कोणते व किती, हे निश्चित नसते. त्यामुळे काटेकोर अर्थाने त्यास प्रोबायोटिक म्हणता येत नाही.

वाणाचे महत्त्व :
एकाच प्रजातीतील दोन वाणांचे गुणधर्म भिन्न असू शकतात. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाणाची ओळख निश्चित करून तो मान्यताप्राप्त संग्रहात जमा करण्याची शिफारस आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या अंतर्गत २००९ मध्ये सुरू झालेला असा संग्रह पुण्यातच असून त्यास २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी दैनिक मात्रेत सर्वसाधारणपणे किमान १० कोटी जिवंत सूक्ष्मजीव आवश्यक मानले.

उपयोग व मर्यादा :
प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बोलार्डी यांची शिफारस युरोपीय बालपचनतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मुलांसाठी केली. बोलार्डी हे किण्व असल्याने जीवाणूनाशक औषधाने ते मरत नाही. याउलट, क्षोभक आतड्याच्या विकारात प्रोबायोटिकचा वापर केवळ संशोधन-चाचणीपुरता ठेवावा, असे अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये सुचविले. प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेल्या रुग्णांत क्वचित रक्तसंसर्गही आढळला आहे.

निष्कर्ष :
'प्रोबायोटिक चांगले की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता वाण, किती मात्रेत व कोणत्या तक्रारीसाठी, हे विचारणे आवश्यक ठरते. वेष्टनावर केवळ प्रजातीचे नाव असेल, तर या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा रक्तक्षय ही लक्षणे असल्यास कॅप्सूलवर विसंबून निदान लांबविणे धोक्याचे आहे.