सांधा आधी, सिग्नल नंतर

कल्याण स्टेशनच्या पुढे रुळांना दोन फाटे फुटतात. एक शहाडवरून कसाऱ्याकडे, दुसरा विठ्ठलवाडीवरून कर्जतकडे. १ मे १८५४ रोजी ठाण्यापुढची रेल्वे इथवर आली. आज इथून कर्जत लोकल पुढे निघायची तर आधी रूळ बदलणारे सांधे कर्जतकडे वळून पक्के अडकावे लागतात. तोवर कितीही बटणे दाबा, सिग्नल लालच राहतो. या व्यवस्थेला इंटरलॉकिंग म्हणतात. तिच्यामागे एक तक्ता असतो: कोणत्या मार्गाला कोणते सांधे कसे हवेत, रुळाचा कोणता तुकडा रिकामा हवा. चूक झाल्यावर ती पकडण्याऐवजी तिला वाटच द्यायची नाही, हे त्या तक्त्याचे सामर्थ्य.

आता इंटरनेटचा राऊटर पाहा. तोही जंक्शनच, माहितीचे पुडके आले की कोणत्या फाट्याला धाडायचे हे ठरवतो. पण त्याचा तक्ता कोणत्या भाषेत लिहायचा? वर्षानुवर्षे अभियंते हाताने आज्ञा टाइप करत, आणि प्रत्येक कंपनीच्या आज्ञांचे व्याकरण वेगळे. नेटवर्कवरची यंत्रे सांभाळण्यासाठी एसएनएमपी नावाचे प्रमाणक होते, पण ते मुख्यतः यंत्राची नाडी पाहायला वापरले जाई. २००२ साली नेटवर्क चालवणारे आणि प्रमाणके लिहिणारे एकत्र बसले. चालवणाऱ्यांची एक मागणी ठाम होती: आम्ही ठरवलेली मांडणी वेगळी आणि यंत्राने मोजलेले आकडे वेगळे, हा भेद स्पष्ट हवा.

२००६ मध्ये यंत्राला मांडणी कळवण्याचे नेटकॉन्फ हे प्रमाणक आले. निरोप पोचवण्याची रीत ठरली, निरोपातल्या मजकुराची भाषा ठरायची होती. एक्सएमएल स्कीमा आणि रिलॅक्स एनजी या भाषा हाताशी होत्या. पण त्या घडवलेल्या होत्या कागदपत्राचा आकार सांगायला. म्हणून नेटवर्कसाठीच घडवलेली ‘यांग’ निवडली गेली. २०१० मध्ये ती प्रमाण झाली, २०१६ मध्ये तिची १.१ आवृत्ती आली.

यांगमध्ये माहिती आणि तिचा नियम शेजारी शेजारी नांदतात. व्हीलॅनचा, म्हणजे नेटवर्कमधल्या आभासी विभागाचा, क्रमांक १२ बिटांचा. ० आणि ४०९५ राखीव, म्हणून १ ते ४०९४ एवढेच चालतील, हे एका ओळीत लिहिता येते. मग ५००० दारातच अडतो. अस्तित्वात नसलेल्या पोर्टचे नाव घातले तरी तेच. हे बदलता येईल, हे फक्त वाचता येईल, हेही तिथेच नोंदलेले असते.

नेटकॉन्फची जोड मिळाली की खरी जादू दिसते. यंत्रात ती सोय असेल तर बदल आधी कच्च्या प्रतीत लिहायचे, तपासून घ्यायचे, मग एकदम लागू करायचे. चुकून स्वतःचीच वाट तोडून बसलात आणि ‘ठीक आहे’ असा दुजोरा दिला नाहीत, तर मुदत संपताच यंत्र आपणहून जुन्या मांडणीवर परतते. वेगळी मुदत दिली नसेल तर ती ६०० सेकंदांची.

मग निवड कशी करावी? वेब अ‍ॅपच्या एपीआयचे वर्णन लिहायला ओपनएपीआय हे प्रमाणक उत्तम. साधने मुबलक, शिकायला सोपे. पण एका अर्धवट बदलाने सारे गाव इंटरनेटपासून तुटू शकते, अशा यंत्रांसाठी यांगच घ्यावी. आणि कोणतीही भाषा घेतलीत तरी रकान्याला नाव द्याल त्याच दिवशी त्याची मर्यादाही लिहा. नियम नंतर लिहू म्हणणे म्हणजे सांधा न अडकवता सिग्नल देणे.