परदेशात कार्ड घासलं की बिल का फुगतं?

सायखेड्याच्या गोदाकाठची द्राक्षं युरोपात जातात, बागायतदारही जातात. तिथे कार्डावर लाखभर खर्च झाला की बिलात चार हजार जादा कसे? युरोचे रुपये व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपल्या दराने करतं. मग बाजार समितीत पट्टीवर हमाली-तोलाई लागावी तसा बँकेचा मार्कअप लागतो, बऱ्याच कार्डांवर 3.5 टक्के. त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. लाखावर 3,500 अधिक 630! म्हणून कार्ड निवडताना विमानतळावरच्या लाउंजच्या सोयीआधी मार्कअप पाहा. शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात. दुकानदाराने ‘रुपयांत घेऊ?’ विचारलं तर युरोच सांगा, रुपयांचा तिथला दर बहुधा महाग पडतो. क्रेडिट कार्डाने रोकड काढू नका. व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, निघण्यापूर्वी ते बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करा.