नौकेला नंबर, गाण्याला नंबर

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर सकाळी गेलं की काय दिसतं? नौका लागतात. टोपल्या उतरतात. बांगडा असतो, सुरमई असते, म्हाकूल असतं. लगेच लिलाव सुरू होतो. ओरडा इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण त्या गडबडीत एक माणूस शांत उभा असतो. त्याच्या हातात वही असते. कोणत्या नौकेची मासळी, किती टोपल्या, कोणी घेतली, काय भावानं, हे तो लिहून ठेवतो. पुढचा सगळा हिशेब त्या वहीवरून होतो. ज्या टोपलीची नोंद नाही, तिचे पैसे कोण कोणाला देणार?

आता नौकेकडे बघा. तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव असतं. कोणी देवाचं ठेवतं, कोणी पिराचं, कोणी लेकीचं. आणि जवळच सरकारी नंबर असतो. आधी देशाची अक्षरं, मग महाराष्ट्राची, मग पुढचे आकडे. नाव असताना नंबर कशाला? तर एकाच नावाच्या चार नौका बंदरात निघतात. नंबर मात्र एकीचा दुसरीला नसतो. समुद्रात काही बरंवाईट झालं, तर शोध नंबरावरूनच लागतो.

हे मासळीचं झालं. आपल्या गाण्याचं काय?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गाणी बांधणारी माणसं गावोगाव आहेत. गणपतीत जाखडी होते. शिमग्यात नमन होतं. शक्ती-तुऱ्याचे सामने रात्र रात्र रंगतात. शाहीर दरवर्षी नवी गाणी बांधतो. पूर्वी ती गाणी तोंडातोंडी राहत. मग कॅसेट आली. कॅसेट कंपनी शाहिराच्या हातात एकदा काही रक्कम ठेवी आणि कोऱ्या जागी सही घेई. पुढे किती कॅसेटी खपल्या, ते कंपनीला ठाऊक. आता मोबाईल आला आहे. गाणं इथे गायलं की रात्रीपर्यंत मुंबईच्या चाकरमान्याच्या खोलीत वाजतं, आखातात कामाला गेलेल्या पोराच्या कानात वाजतं. वाहवा होते. पण वही कोण ठेवतं?

वही ठेवली जाते. ती कशी, तेच आज सांगायचं आहे.

आधी एक जुनी गोष्ट ऐका. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान नावाच्या मोठ्या गायिकेचं गाणं तबकडीवर घेतलं. त्या वेळी आपल्या देशात तबकड्या छापण्याचा कारखाना नव्हता. मुद्रण झालं की ते जर्मनीत हॅनोव्हरला पाठवत. तिथल्या कामगारांना कसं कळणार, गाणारी कोण ते? म्हणून गाणं संपलं की गौहर जान आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायची. ते नावही तबकडीत उतरायचं. आजही ती तबकडी लावली की शेवटी नाव ऐकू येतं. गाण्याच्या पोटातच मालकीणीची ओळख! युक्ती मोठी नामी होती.

दुसरी गोष्ट आपल्या लताबाईंची, लता मंगेशकरांची. १९४९ साली ‘महल’ नावाचा हिंदी सिनेमा आला. त्यातलं त्यांचं गाणं देशभर गाजलं. पण तबकडीवर नाव होतं कामिनी! कामिनी कोण? सिनेमातल्या पात्राचं नाव. गाणारीचं नाव कुठेच नाही. लोक रेडिओ केंद्राला विचारू लागले, ही गाते कोण? तेव्हा कुठे नाव बाहेर आलं. पुढे ह्याच लताबाई गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडल्या. रॉयल्टी म्हणजे दर विक्रीमागे, दर वाजण्यामागे मिळणारा वाटा. एकदा मजुरी घेतली आणि घरी गेलं, असं नव्हे. नौकेवरच्या खलाशाला जसा धंद्यातला वाटा मिळतो, तसं.

लताबाईंसाठी रेडिओवर विचारणा झाली. जाखडीच्या शाहिरासाठी कोण विचारणार? त्याची नोंद त्यानंच करायला हवी.

नोंद नीट झाली की काय होतं, त्याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे कोणती गाणी जास्त खपतात, त्याची यादी एक मासिक दर आठवड्याला जाहीर करतं. मासिकाचं नाव बिलबोर्ड. पूर्वी ते दुकानदारांना फोन करून विचारत, ह्या आठवड्यात काय खपलं? दुकानदार अंदाजानं सांगे. कंपन्या त्याला खूश ठेवत, मग तो त्यांचं नाव वर सांगे. १९९१ साली हे बदललं. साउंडस्कॅन नावाची मोजणी सुरू झाली. तबकडीच्या पाकिटावर काळ्या रेघांचा पट्टा असतो. साबणाच्या वडीवर असतो, तोच. दुकानात तो पट्टा यंत्रापुढे धरला की एक विक्री मोजली जाई. त्या वर्षी २५ मेच्या अंकात नवी यादी छापून आली आणि सगळे चाट पडले. खेड्यापाड्यातले लोक जी गाणी ऐकत, ती एकदम वर आली. ती आधीही खपतच होती. फक्त कोणी मोजत नव्हतं.

मला ही गोष्ट फार आवडते.

आता आपल्याकडचं बघू. गाण्याला नंबर असतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. त्या नंबराला आयएसआरसी म्हणतात. हा नंबर साऱ्या जगात एकाच पद्धतीचा आहे. ती पद्धत १९८६ साली ठरली. त्यात १२ अक्षरं-आकडे असतात. पहिली दोन अक्षरं देशाची, भारताची आय आणि एन. पुढची तीन नंबर देणाऱ्याची खूण. मग दोन आकडे वर्षाचे. शेवटचे पाच आकडे त्या गाण्याचे. गाणं मुद्रित झालं की हा नंबर त्याच्यासोबत बांधला जातो. मग ते कुठेही वाजो, वही ठेवणारं यंत्र त्या नंबराखाली एक रेघ मारतं.

हा नंबर कोण देतं? भारतात ह्याचं काम द इंडियन म्युझिक इंडस्ट्री ह्या संस्थेकडे आहे. ही ध्वनिमुद्रण कंपन्यांची संस्था. तिच्याकडे अर्ज करून आपल्या नावाची खूण घेता येते. मग आपल्या गाण्यांना आपणच नंबर द्यायचे. पण दोन-चार गाणी असलेल्या मंडळाला ह्याची गरज पडत नाही. स्पॉटिफाय, जिओसावन अशा ठिकाणी आपण सरळ जाऊन गाणं ठेवू शकत नाही. मधे वितरक लागतो, धक्क्यावर व्यापारी लागतो तसा. हा वितरकच गाण्याला नंबर लावून देतो. पाचसहा गाणी एकत्र काढली, तर त्या गठ्ठ्यालाही वेगळा नंबर पडतो. माशाचा वेगळा, टोपलीचा वेगळा, असं समजा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. वितरकानं लावलेला नंबर त्याच्याकडून मागून घ्या आणि आपल्या वहीत लिहून ठेवा. का? समजा वितरकाशी पटलं नाही. तुम्ही दुसरा धरला. त्याला जुना नंबर दिलात, तर गाण्याची आधीची मोजणी टिकण्याची आशा असते. नंबर हरवला आणि त्यानं नवा लावला, तर मोजणी पुन्हा एकापासून. दोन वर्षं वाजलेलं गाणं कागदावर काल जन्मलेलं ठरतं. नौका विकली तरी तिचा नंबर आपण पुसून टाकत नाही ना?

तेच मुद्रण, तर तोच नंबर. पुन्हा नव्यानं गाऊन मुद्रण केलं, तर नवा नंबर. नाचाची फिल्म काढली, तर तिला वेगळा. आणि नंबर मिळाला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं समजू नका. नंबर ही ओळख आहे. मालकी कागदावर ठरते.

आमच्या वर्गाला एक शाहीर येतात. केस पांढरे झालेत, पण आवाज अजून खणखणीत. त्यांनी विचारलं, “बाई, चाल तर आज्या-पणज्यापासनं चालत आलेली हाय. ती माझी कशी म्हनू?”

मी म्हटलं, “चाल तुमची नाहीच, शाहीरबुवा. ती सगळ्यांची. पण शब्द कोणाचे?”

“शबुद माझं. दर साली नवं बांधतो.”

“मग शब्द तुमचे. लिहिलेत त्या क्षणापासून तुमचे.”

कायदा असंच सांगतो. आपल्या देशाचा कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क तो जिवंत असेपर्यंत राहतो. त्याच्या मागून आणखी ६० वर्षं वारसांकडे राहतो. त्यासाठी सरकारात नोंद केलीच पाहिजे, असं नाही. केली तर पुरावा म्हणून बरी. गाण्याच्या शब्दांच्या नोंदणीला ५०० रुपये पडतात, ध्वनिमुद्रणाच्या नोंदणीला २००० रुपये.

म्हणजे एका गाण्यात दोन मिळकती आहेत. घर आणि जमीन वेगळी असते, तसं. एक मिळकत शब्दांची आणि चालीची. दुसरी मुद्रणाची. मुद्रण ज्यानं पुढाकार घेऊन, पैसा घालून करवलं, त्याची ती. मंडळानं वर्गणी काढून स्टुडिओचं भाडं भरलं, तर मुद्रण मंडळाचं. पुतण्यानं आखातातून पैसे पाठवून केलं, तर आधी बोलून ठरवा. भांडणं इथेच होतात. गाणं चालेपर्यंत सगळे भाऊ-भाऊ असतात.

मुद्रणाचे पैसे वितरकाकडून येतात. शब्द-चालीचे पैसे वेगळ्या वाटेनं येतात. त्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस ही संस्था १९६९ सालापासून आहे. शाहिरानं आणि चाल बांधणाऱ्यानं तिचं सभासद व्हायचं. आपली गाणी तिच्याकडे लिहवायची. रेडिओवर, हॉटेलात, मोबाईलवर गाणी वाजतात, त्याचे पैसे ती वसूल करते आणि सभासदांना वाटते. सभासद नसाल, तर तुमचा वाटा तिला पोचवता येत नाही. गाणाऱ्यांची संस्था निराळी आहे. ती २०१३ साली इस्रा नावानं नोंदली गेली. आता तिला इसाम्रा म्हणतात, आणि वादकांनाही तिच्यात जागा आहे.

२०१२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. लिहिणाऱ्यानं आणि चाल बांधणाऱ्यानं कंपनीला गाणं दिलं, तरी रॉयल्टीचा त्याचा हक्क सुटत नाही. तो हक्क वारसांना किंवा अशा संस्थेलाच देता येतो. म्हणून कोणी कागद पुढे करून म्हणालं, “सगळे हक्क कायमचे दिले, असं लिहा,” तर अंगठा नको आणि घाईची सहीही नको. वाचायला शिकलो ते अशाच वेळेसाठी. कागद घरी आणा, दोघा जाणत्यांना दाखवा.

यूट्यूबवर गाणं आपलं आपण ठेवता येतं. तिथे किती जणांनी पाहिलं, तो आकडा लगेच दिसतो. जाहिरातीचे पैसे मात्र लगेच लागू होत नाहीत. १००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४००० तास बघणं व्हावं लागतं. तिथे वर्गणी म्हणजे पैसे नव्हेत, नुसतं नाव जोडणं. स्पॉटिफायची अट अशी की वर्षात १००० वेळा तरी गाणं वाजलं पाहिजे. त्याखाली मुद्रणाची दमडी मिळत नाही. ही अट २०२४ पासून आहे. लहान मंडळांवर ती जड आहे, असं मला वाटतं. पण आहे ती आहे.

मग काही जण तुम्हाला भेटतील. म्हणतील, पाच हजार रुपये द्या, एक लाख वेळा वाजवून देतो. ते खोटं वाजणं असतं. यंत्र ते ओळखतं. आकडा पुसला जातो आणि कधी गाणंच काढून टाकतात. बर्फाखाली शिळी मासळी दडवून किती दिवस विकाल?

कार्यक्रमाच्या जागी पेनड्राइव्ह किंवा सीडी विकता, त्यांची मोजणी करणारं यंत्र नाही. तिथे पावतीपुस्तक ठेवा. किती नेल्या, किती विकल्या, किती परत आणल्या.

आमच्या शाहीरबुवांनी एक वही घातली आहे. एका गाण्याला एक पान. वर गाण्याचं नाव. खाली शब्द कोणाचे, चाल कोणाची, गायलं कोणी, ढोलकी कोणाची, मुद्रणाचा खर्च कोणी केला. मग प्रत्येकाचा वाटा शंभरात किती. त्यापुढे सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. शेवटची ओळ त्यांनी मोकळी ठेवली होती, नंबरासाठी. ढोलकीवाल्याचा वाटा किती, ह्यावर दोन संध्याकाळी वाद चालला. पण तो गाणं बाहेर पडायच्या आधी चालला, म्हणून चहावर मिटला.

गेल्या आठवड्यात नंबर आला. बारा खुणा. बुवांनी चष्मा लावून एकेक अक्षर उतरवलं, आणि नातीकडून दोनदा ताडून घेतलं. पहिला हिशेब यायला तीन-चार महिने जातात. वाट पाहणं चालू आहे.