दारावरचा लिंबाचा डहाळा

नांदेड-लातूरकडं कडुलिंबाला आपण नुसतं ‘लिंब’ म्हणतो. घरात गोवर-कांजिण्या आल्या की दाराला लिंबाचा डहाळा बांधायचा, अंथरुणाजवळ पाला ठेवायचा, ही जुनी रीत. आजार म्हणजे देवीचा कोप. तो शांत करायचा, अशी समजूत. डहाळा दिसला की परका माणूस बाहेरूनच परतायचा, म्हणजे रोग्याला आपोआप वेगळं ठेवलं जायचं. घरच्यांना धीरही मिळायचा. पण देवीचा रोग हटला तो लसीनं. भारतात तो १९७५ साली थांबला, १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. गोवराची लसही बाळाला नऊ महिने झाले की सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तेव्हा डहाळा खुशाल बांधू, पण लेकराला ताप-पुरळ दिसताच आधी दवाखाना गाठू.